सामाईक औजारांच्या पाळीची वही

लोणी देवकर व त्याच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर हल्लीं पुष्कळ ठिकाणीं पंधरावीस खातेदार एकत्र येऊन ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र अशीं औजारें सामाईक घेऊं लागले आहेत. गांवाजवळ औद्योगिक वसाहत झाल्यापासून ऐन हंगामांत मजूर मिळणें कठीण झालें आहे, बैलजोड्या थोड्या उरल्या आहेत, आणि एकट्या लहान खातेदारास यंत्र परवडत नाहीं. सरकारच्या औजार बँकेच्या योजनेनें गटांस यंत्र घेणें सोपें केलें. परंतु घेतलेलें यंत्र आज कोणाच्या शेतांत जावें व उद्यां कोणाच्या, हें ठरविण्याची सोय कोणत्याही योजनेंत नाहीं. आमच्या पाहण्यांत जे गट मोडले ते कर्जाच्या हप्त्यानें कमी मोडले, पाळीच्या तंट्यानें अधिक मोडले. म्हणून पाळी लावण्याची एक साधी वही कशी आंखावी व कशी चालवावी, हें येथें लिहीत आहों. ही वही आमच्या गटांत तीन हंगाम चालली आहे. तिच्यांत आरंभीं कोणते दोष होते, तेंही सांगतों.

आधीं आमची स्वतःची चूक. गटानें यंत्र घेतलें त्या वर्षीं आम्ही महसूल खात्यांतून नुकतेच निवृत्त झालों होतों, व लिहिण्याची संवय आहे म्हणून मागण्यांचें काम आमच्याकडे आलें. वही मात्र आम्हीं घातली नाहीं. पंचवीसतीस खातेदार, सारे ओळखीचे, त्यांना वही कशाला, असें वाटलें. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यांत एका विधवा बाईंची दीड एकर शाळूचीं कणसें खुडून खळ्यावर पडलीं होतीं. त्यांनीं तीन दिवस आधीं शेजारच्या मुलाबरोबर निरोप पाठविला. आम्हीं तो ऐकला, मान हालविली व विसरलों. त्याच सुमारास आमचे एक स्नेही घरीं आले. त्यांची नऊ एकरांची मळणी होती. चहा झाला, आणि यंत्र त्यांच्या खळ्यावर गेलें. तेथें त्यास दोन दिवस लागले. दुसऱ्या रात्रीं अवकाळी पावसाची सर आली. बाईंचीं कणसें भिजलीं, दाणा काळा पडला, आणि भाकरीला चालणारी ज्वारी जनावरांच्या भावानें विकावी लागली. त्या भांडल्या नाहींत. पुढें बाजारांत भेटल्या तेव्हां, "भाऊसाहेब, निरोप पोंचला होता का?" एवढेंच त्यांनीं विचारलें. त्या वर्षाअखेर त्यांनीं गटांतून आपला हिस्सा परत मागितला.

आम्हीं कोणाकडून कांहीं घेतलें नव्हतें, व मुद्दाम कोणाचें वाईटही केलें नव्हतें. जो समोर येऊन बसला त्याचें काम झालें व ज्याचा निरोप आला त्याचें राहिलें, एवढीच ती गोष्ट. पाळीचा अन्याय बहुतेक ठिकाणीं असाच होतो. त्यास लबाड माणूस लागत नाहीं, विसरभोळा व भिडस्त माणूस पुरतो.

आश्चर्य हें कीं, ह्या रोगाचें औषध आम्ही सव्वीस वर्षें कचेरींत रोज हाताळीत होतों. कचेरींत आलेला प्रत्येक कागद प्रथम आवक बारनिशींत चढतो. त्यास अनुक्रमांक व तारीख पडते, आणि त्यानंतरच तो टेबलावर जातो. कागद मोठ्याचा असो कीं लहानाचा, बारनिशींत दोघांना एकेकच ओळ मिळते. पुढें कारकून आपल्या कार्यविवरण नोंदवहींत तो उतरवितो, व आठवड्याच्या शेवटीं किती आले, किती निकालीं निघाले, किती शिल्लक राहिले याचा गोषवारा काढून वरिष्ठांपुढें ठेवितो. दप्तराच्या सहा गठ्ठे पद्धतींत ज्या प्रकरणांवर आज काम करावयाचें आहे त्यांचा गठ्ठा वेगळा, आणि ज्यांत दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावयाची आहे त्यांचा वेगळा असतो. ही वांटणी वरवर क्षुल्लक दिसते. परंतु जें काम आज होऊंच शकत नाहीं तें आजच्या कामांच्या राशींतून बाजूस काढल्याशिवाय क्रम लावतांच येत नाहीं. मळणीचेंही तसेंच आहे. कणसें ओलीं असतां मळणीची मागणी करणारा खातेदार दुसऱ्या गठ्ठ्यांतला होय.

कचेरींत आणखी एक धडा मिळाला. एका कचेरींत तातडीच्या कागदांस तांबडी चिठ्ठी लावण्याचा प्रघात होता. आरंभीं दहांत एखाद्या कागदास ती असे. वर्षा-दोन वर्षांत बहुतेक सर्वच कागदांस ती लागूं लागली, व अखेर तांबडी चिठ्ठी नसलेला कागद दिसला कीं आम्ही कौतुकानें तोच आधीं वाचीत असूं! तातड स्वतःच्या तोंडानें सांगावयाची असली कीं सर्वांचीच तातड सारखी होते. म्हणून निकड कोणती हें मागणाऱ्यानें किंवा वही लिहिणाऱ्यानें त्या वेळीं ठरवूं नये. हंगामापूर्वीं, कोणाचें पीक कसें येणार हें कोणासच ठाऊक नसतांना, सर्वांनीं मिळून तें ठरवून ठेवावें.

आमच्या तालुक्यास पाळी ही गोष्ट नवी नाहीं. दक्षिणेकडून वाहणारा नीरा डावा कालवा १८७६–७७ च्या दुष्काळानंतरचा. १८८५ च्या सुमारास त्याचें पाणी बारामती-इंदापूरकडे खेळूं लागलें. पाणी आलें तसा तंटाही आला. विसाव्या शतकाच्या आरंभीं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं ह्याच कालव्यावर ब्लॉकपद्धति सुरूं केली. ठराविक क्षेत्रास कांहीं वर्षांची पाण्याची हमी द्यावयाची व त्यांतील एका भागांतच ऊस घेऊं द्यावयाचा, असें तिचें स्वरूप होतें. प्रथम बागायतदारांनीं तिला विरोध केला. पुढें हमीचें मोल कळल्यावर तीच पद्धति रुळली. पाटाच्या पाण्याची शेजपाळी तर प्रत्येक बागायतदारास ठाऊक आहे. नमुना नंबर ७ चा मागणी अर्ज भरावयाचा, मंजुरी मिळाल्यावर चारीच्या शेवटच्या शेतापासून पाणी धरीत धरीत वर यावयाचें. शेपटाकडून आरंभ करण्याचें कारण उघड आहे. मुखाजवळच्यानें आधीं घेतलें तर शेपटाच्या वांट्यास पाणी उरेलच असें नाहीं. जो स्वभावतःच मागें पडणार त्याला नियमानें पुढें घ्यावें, हें त्यांतील तत्त्व आम्हांस फार मोलाचें वाटतें.

परंतु शेजपाळी जशीच्या तशी यंत्रास लागू पडत नाहीं. पाणी चारीच्या वाटेनेंच जातें, यंत्र कोठेंही जाऊं शकतें. शिवाय शेजपाळी कोणाचें पीक कोणत्या अवस्थेंत आहे हें पाहत नाहीं. केवळ अर्जाच्या तारखेनें पाळी लावावी, असें कांहीं सभासदांचें म्हणणें होतें, व तें वरवर अगदीं निःपक्षपाती दिसतें. पण त्यांत उन्हाळी नांगरटीसाठीं माघांत नांव घालून ठेवणारा मनुष्य, खळ्यावर उघडी रास पडलेल्याच्या आधीं येतो. नेपोलियनच्या सैन्यांतील शस्त्रवैद्य लारे हा जखमी शिपायांस त्यांचा हुद्दा न पाहतां, कोण आधीं आला हेंही न पाहतां, जखमेच्या गंभीरपणावरून हातीं घेत असे. मोठ्या रुग्णालयांत आजही तोच नियम चालतो. उलट केवळ निकड पाहिली तर ज्याचें काम कधींच निकडीचें नसतें त्याची पाळी कधींच येत नाहीं. तारीख व निकड ह्या दोहोंचा मेळ घालावयाचा, एवढाच काय तो प्रश्न.

आतां वही. साधी लांब आंखलेली वही घ्यावी व पानांस आधींच क्रमांक घालावेत, म्हणजे पान फाडलें तर कळतें. डावीकडून पुढील रकाने आंखावेत : अनुक्रमांक, मागणीची तारीख व वेळ, खातेदाराचें नांव, गट नंबर, काम, क्षेत्र, लागणारे अंदाजे तास, निकडीचे गुण, प्रतीक्षेचे गुण, पहिल्या पाळीचे गुण, एकूण, काम झाल्याची तारीख व शेरा. मागणी तोंडीं आली, फोनवर आली, कीं लग्नाच्या पंक्तींत आली, ती त्याच दिवशीं चढवावी व खातेदारास अनुक्रमांकाची चिठ्ठी द्यावी. फोनवर मागणी करणाऱ्यास क्रमांक फोनवरच कळवावा. चिठ्ठी नाहीं तर मागणी नाहीं, हा नियम सर्वांस आधीं सांगून ठेवावा. ह्या एका चिठ्ठीनें आमच्याकडील निम्मे तंटे मिटले, कारण "मीं तुम्हांस सांगितलें होतें" हें वाक्यच नाहीसें झालें.

निकडीचे गुण ९, ६, ३ किंवा ० असे चारच ठेवावेत. ज्याचें नुकसान तीन दिवसांत होईल त्यास ९. आठवड्यांत होईल त्यास ६. पंधरवड्यांत होईल त्यास ३. जें काम महिनाभर थांबलें तरी चालेल त्यास ०. कोणतें काम कोणत्या वर्गांत घालावयाचें याचा तक्ता हंगामापूर्वीं सर्वसाधारण बैठकींत ठरवावा व वहीच्या पहिल्या पानावर चिकटवावा. आमच्या तक्त्यांतील कांहीं नोंदी देतों. खुडून उघड्या खळ्यावर पडलेलीं शाळूचीं कणसें : ९. कापून, सुडी रचून, ताडपत्रीनें झांकलेला गहूं : ६. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ह्या महिन्यांत व्हावी अशी कृषि विद्यापीठाची शिफारस आहे. त्या अवधींतील पहिल्या पंधरवड्यांत मागणी ३, पुढील आठवड्यांत ६, शेवटच्या आठवड्यांत ९. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी १ ते १५ नोव्हेंबर. त्यानंतरच्या प्रत्येक पंधरवड्याच्या विलंबास हेक्टरीं सुमारें अडीच क्विंटल उतारा घटतो, असें विद्यापीठ सांगतें. म्हणून ८ नोव्हेंबरपर्यंत ६ व त्यानंतर ९. उन्हाळी नांगरट, बांधबंदिस्ती, शेणखताची वाहतूक : ०. मात्र मृगाच्या तोंडावर, मेच्या शेवटच्या आठवड्यांत, शिल्लक राहिलेल्या नांगरटीस ३.

हा तक्ता करतांना वाद होतोच, व तो व्हावा. कांदेवाले म्हणाले, कांद्यास ९ हवे. शाळूवाले म्हणाले, कांदा चाळींत राहतो, कणसें राहत नाहींत. दोन तास गेले. पण हा वाद जानेवारींत झाला, पाऊस डोक्यावर असतांना झाला नाहीं, आणि कोणाच्या एकट्याच्या राशीबद्दल झाला नाहीं. पिकाबद्दलचा वाद मिटतो, माणसाबद्दलचा वाद पिढ्या चालतो.

प्रतीक्षेचे गुण सोपे आहेत. मागणी चढविल्यापासून पुरे झालेल्या प्रत्येक दोन दिवसांस एक गुण. यंत्र नादुरुस्त असो, पाऊस असो, हे गुण वाढतच राहतात. संगणकांतही एकाच वेळीं अनेक कामें येतात तेव्हां जुन्या कामाचा दर्जा असाच हळूहळू वाढविण्याची युक्ति वापरतात, असें आमच्या पुतण्यानें सांगितलें. आम्हांस ती कचेरींतील जुन्या प्रकरणांवरून सुचली होती.

पहिल्या पाळीचे गुण म्हणजे ज्यास चालू हंगामांत यंत्र एकदांही मिळालें नाहीं त्यास ३. ज्यास मिळालें आहे त्यास शून्य.

दुसरा महत्त्वाचा नियम क्षेत्राचा. एका पाळींत चार एकरांहून अधिक काम घ्यावयाचें नाहीं. राहिलेलें क्षेत्र त्याच दिवसाच्या तारखेनें नवीन अनुक्रमांकावर चढवावयाचें. ह्यावर मोठ्या खातेदारांचा आक्षेप असा कीं, आमचा हिस्सा अधिक, तर पाळीही अधिक हवी. हिस्सा अधिक आहे म्हणून त्यांचे एकूण तास अधिक होतातच, ते कोणी कमी केले नाहींत. प्रश्न फक्त एका दमांत किती, एवढाच आहे. पुरंदर तालुक्यांत विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीचें जें काम केलें त्यांत पाणी जमिनीच्या मानानें न देतां घरांतील माणसांच्या मानानें दिलें जाई. माणशीं अर्धा एकर, कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकर, व उसास पाणी नाहीं. भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला होता. आम्ही तितके पुढें गेलों नाहीं व आमच्या गटास तें झेपलेंही नसतें. परंतु एकर मोजण्याऐवजीं माणूस मोजतां येतो, हें त्या कामामुळें आम्हांस समजलें, व चार एकरांची मर्यादा त्यावरूनच सुचली.

उदाहरण घेऊन पाहूं. १० मार्चच्या सकाळीं वहींत चार मागण्या शिल्लक आहेत असें धरूं, व मळणीस एकरीं दोन तास लागतात असें धरूं. पहिली, सहा एकर नांगरट, २० फेब्रुवारीस चढविलेली. निकड ०, अठरा दिवसांच्या प्रतीक्षेचे ९, आधीं यंत्र मिळालेलें म्हणून पहिल्या पाळीचे ०. एकूण ९. दुसरी, झांकून ठेवलेला दोन एकरांचा गहूं, ६ मार्चची. निकड ६, चार दिवसांचे २, पहिल्या पाळीचे ३. एकूण ११. तिसरी, एक एकर शाळू, उघड्या खळ्यावर, ९ मार्चची. निकड ९, प्रतीक्षा ०, पहिल्या पाळीचे ३. एकूण १२. चौथी, आठ एकर शाळू, तीही उघडी, ८ मार्चची. निकड ९, दोन दिवसांचा १, यंत्र आधीं मिळालेलें म्हणून ०. एकूण १०. म्हणजे क्रम असा : एक एकर शाळू, गहूं, आठ एकरवाल्याचे पहिले चार एकर, आणि मग पुढें.

हा क्रम मोठ्या खातेदारास प्रथम खटकतो. पण तासांचा हिशेब पाहा. आठ एकरांचे १६ तास, गव्हाचे ४, एक एकर शाळूचे २. मोठें काम आधीं, मग गहूं, मग लहान काम, असें केलें तर गहूंवाला १६ तास थांबतो व एक एकरवाला २० तास, मिळून ३६ तासांची वाट. उलट लहानापासून आरंभ केला तर गहूंवाला २ तास व मोठा ६ तास थांबतो, मिळून ८. यंत्र दोन्ही वेळीं २२ तासच चालतें, डिझेल तितकेंच जळतें. तरीसुद्धां लहान काम नेहमीं आधीं असा सरसकट नियम आम्हीं केला नाहीं, कारण तसें केल्यास लहान लहान मागण्या येत राहतील व मोठ्याची पाळी पुढें पुढें सरेल. गुण सारखे झाले तरच कमी तासांचें काम आधीं, एवढेंच आम्हीं ठेविलें आहे.

वरील उदाहरणांत एक दोष लपलेला आहे. चाणाक्ष वाचकांच्या तो ध्यानांत आला असेल. मोठ्या खातेदाराचे उरलेले चार एकर नव्या तारखेनें चढले म्हणजे त्यांचे गुण ९ होतात, आणि तोंवर नांगरटीची प्रतीक्षा वाढून ती ९ किंवा १० वर गेलेली असते. म्हणजे खळ्यावरची उघडी रास मागें व नांगरट पुढें! पहिल्या हंगामांत आमच्याकडे नेमकें हेंच घडलें. ट्रॅक्टर नांगराला जुंपलेला, आभाळ भरून आलेलें, आणि खळ्यावर चार एकरांचीं कणसें. वहीप्रमाणें सर्व बरोबर होतें. नांगरटवाल्या गृहस्थांनींच नांगर सोडून ट्रॅक्टर खळ्यावर पाठविला, म्हणून रास वांचली. त्यांची आम्हीं वहींत शेऱ्यासह नोंद केली आहे. वही माणसाच्या शहाणपणावर तगली, हें आम्हांस बरें वाटलें नाहीं. वहीनें तसें करूं नये.

म्हणून पुढच्या बैठकींत दोन दुरुस्त्या केल्या. प्रतीक्षेचे गुण ८ च्या वर कधींही जावयाचे नाहींत. त्यामुळें ज्या कामाची निकड शून्य आहे व ज्याच्या धन्यास यंत्र एकदां मिळालें आहे, तें काम नऊ गुणांच्या राशीपुढें जाऊं शकत नाहीं. पहिल्या पाळीचे ३ मिळून ११ होतात तेथें मात्र तें जाऊं शकेल. तें टाळण्यासाठीं पहिल्या पाळीचे गुण निकड शून्य असलेल्या कामास द्यावयाचे नाहींत, असेंही ठरलें. दुसरी दुरुस्ती उलट बाजूची. केवळ मर्यादा घातली तर नांगरट कायमचीच मागें राहील. म्हणून जी मागणी तीस दिवस शिल्लक राहिली ती, नऊच्या निकडीची मागणी नसलेल्या पहिल्याच दिवशीं, गुण न पाहतां सर्वांच्या आधीं घ्यावयाची. वरील नांगरट २२ मार्चनंतर असा पहिला मोकळा दिवस मिळतांच होऊन जाईल.

पीक तक्त्यांतील कोणत्या अवस्थेंत आहे याबद्दल शंका आली तर दोन पंचांनीं जाऊन पाहावें. त्या आठवड्यांत ज्यांची स्वतःची मागणी वहींत आहे त्यांस पंच करूं नये. झांकलेली रास ताडपत्री काढून उघडी दाखविण्याचा एक प्रकार आमच्याकडे झाला. पंच गेले तेव्हां ताडपत्री बांधावर घडी करून ठेवलेली होती, व तिच्याखालचें गवत पिंवळें पडलेलें नव्हतें. अधिक कांहीं बोलावें लागलें नाहीं, शेऱ्यांत "पाहणी केली, ६ गुण" एवढेंच लिहिलें.

यंत्र दारांत आलें असतां ज्याचें काम तयार नसेल, रस्ता अडलेला असेल, कणसें ओलीं असतील, त्याची पाळी त्याच्या मागच्या दोघांनंतर लावावी. एकदम शेवटीं टाकूं नये, त्यानें मनें फार दुखावतात. त्याचप्रमाणें शेजारशेजारच्या दोन शेतांच्या गुणांत एकाच गुणाचा फरक असेल व जवळचें शेत आधीं घेतल्यानें दूरची एक फेरी वांचत असेल, तर तसें करण्यास चालकास मुभा असावी. पण क्रम बदलला कीं कारण तांबड्या शाईनें शेऱ्यांत लिहून त्याखालीं सही करावी. आम्ही महिन्याअखेर तांबड्या ओळी मोजतों. एका महिन्यांत त्या चारांहून अधिक झाल्या कीं कोठें तरी गडबड आहे असें समजतों, मग ती नियमांत असो वा माणसांत.

रोज संध्याकाळीं दुसऱ्या दिवसाचा क्रम, गुणांसह, गटाच्या खोलीबाहेरील काळ्या फळ्यावर लिहावा. गुण लिहिल्याशिवाय नुसतीं नांवें लिहूं नयेत. नांवें पाहून मनुष्य संशय घेतो, गुण पाहून बेरीज करतो. आमच्या गटांतील तरुण मंडळी फळ्याचें छायाचित्र काढून सर्वांच्या मोबाइलवर पाठवितात. वस्तीवर राहणाऱ्यांस व बायकांस त्याचा फार उपयोग झाला. पूर्वीं पाळी कोणाची हें चावडीवर बसणाऱ्यांसच आधीं कळे. ह्या सर्वांस संध्याकाळचीं दहा मिनिटें लागतात. कोणी हेंच काम संगणकावरील तक्त्यांत करूं म्हणतील तर आमची हरकत नाहीं, बेरीज लवकर होईल. मात्र कागदी वही ठेवावीच, कारण खोडलेलें कागदावर दिसतें.

वही एकाच माणसाच्या हातीं वर्षानुवर्षें राहूं नये. आमच्याकडे दर हंगामास लिहिणारा बदलतो, व जो लिहितो त्याच्या स्वतःच्या मागणीचे गुण दुसरा सभासद घालतो. हंगाम संपला कीं गोषवारा काढावा : किती मागण्या आल्या, किती झाल्या, कोणास सर्वांत अधिक दिवस थांबावें लागलें, व दोन एकरांखालील खातेदार सरासरीनें किती दिवस थांबले आणि त्यांहून मोठे किती. गेल्या रब्बीचा गोषवारा काढतांना असें दिसलें कीं, लहान खातेदारांच्या मागण्याच मुळांत उशिरा येतात. विचारतां कळलें, आपलें काम थोडें, मोठ्यांचें होऊं द्यावें, असें त्यांस वाटतें. म्हणून यंदा कणसें खुडण्याच्या सुमारास लिहिणारानें स्वतः वस्त्यांवर एक फेरी मारून मागण्या गोळा कराव्या असें ठरविलें. शेपटाकडून आरंभ करण्याचाच हा एक प्रकार.

ज्या बाईंची हकीकत आरंभीं सांगितली त्या गेल्या वर्षीं गटांत परत आल्या. त्यांची मागणी वहींत त्यांच्या स्वतःच्या सहीनें चढली आहे, आणि त्यांनीं चिठ्ठी मागून घेतली.

एका प्रश्नाचा निकाल अजून लागावयाचा आहे. ज्यांच्या घरीं स्वतःचा ट्रॅक्टर आहे, व जे केवळ मळणी यंत्रासाठीं गटांत आहेत, त्यांच्या नांगरटीच्या मागणींतून ३ गुण वजा करावेत अशी सूचना आली आहे. आमचें मत तिच्या बाजूचें आहे. विरुद्ध बाजूचें म्हणणें असें कीं, वर्गणी सारखी घेतां तर गुण कां कापतां, आणि ट्रॅक्टर कर्जाचा आहे, डिझेल महाग आहे. दोन्ही बाजू वहींत लिहून ठेवल्या आहेत, व मृगापूर्वींच्या बैठकींत त्यांवर हात वर करून मत घ्यावयाचें आहे.